भाच्याने आणलेला चेंडू



आम्ही दोघे नवरा-बायको सानगडीचे. साकोली तालुक्यातले हे धानाचे गाव. दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करायची, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, मिळेल ते काम करायचे आणि पोरांना शिकवायचे, असा आमचा संसार. लिहिण्याची सवय नाही. पण आपल्या साप्ताहिकाच्या या पानावर शिक्षणाबद्दल, आजारपणाबद्दल, लग्नातल्या उधळपट्टीबद्दल नेहमी येते; खेळाबद्दल फारसे येत नाही. खेळ म्हणजे टवाळकी, शाळा बुडवायचे निमित्त, असे आम्हीही पुष्कळ वर्षे म्हणत आलो. ते म्हणणे कसे चुकले हे सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. आमच्या बहिणीचे बिऱ्हाड नागपुरात, एका झोपडपट्टीत. नवरा इमारतीच्या कामावर. काम बंद झाले, खोलीचे भाडे मात्र चालूच. घरात खाणारे एक तोंड कमी व्हावे म्हणून मे महिन्यात त्यांनी मोठ्या मुलाला आमच्याकडे पाठवले. सतरा वर्षांचे पोर भाजीच्या गाडीत बसून आले. पाठीवर एक पिशवी. पिशवीत कपड्यांचे दोन जोड, आणि त्यांच्या खाली हवा काढून चपटा केलेला फुटबॉल. आम्ही मनात म्हटले, पोराने पुस्तक आणले नाही, चेंडू आणला!

चौदा दिवस तो वेगळा राहिला. त्यानंतर एका संध्याकाळी धान कापून मोकळ्या पडलेल्या बांधीत त्याने वस्तीतली मुले गोळा केली. पहिल्या दिवशी अकरा, दुसऱ्या दिवशी वीस. शाळा बंद, आईबाप हवालदिल, मुले नुसती भटकत होती. आम्हीही बांधावर जाऊन उभे राहिलो, कुठे भांडणतंटा होऊ नये म्हणून.

पाहतो तर खेळ सुरूच होईना. भाच्याने सगळ्यांना गोल उभे केले. प्रत्येकाने आपले नाव सांगायचे. मग नियम ठरले. शिवी दिली की बाहेर. लहान मुलाला धक्का नाही. मुलीसुद्धा खेळतील. पंच कोणी नाही. वाद झाला तर दोन्ही बाजूंनी बोलून मिटवायचा. खेळ संपला की पुन्हा गोल, आणि आज कोण खरेपणाने खेळले ते मुलांनीच सांगायचे. शेवटी चेंडू ज्याच्या पायाजवळ असेल त्याने तो धुऊन आणायचा.

रात्री जेवताना आम्ही विचारले, "हे तुले कोणं शिकवलं रे?"

तो म्हणाला, "आमच्या वस्तीत एक दादा येते ना मामी. तोई आमच्यासारखाच होता. त्याले दुसऱ्या दादानं शिकवलं."

या एका वाक्याकडे तेव्हा आमचे लक्ष गेले नाही. पुढे विचार करताना कळले की सगळी गोष्ट त्या वाक्यातच आहे.

वाचकांपैकी पुष्कळांना नागपूरचे हे काम ठाऊक असेल. तरी थोडक्यात सांगतो. हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे नावाचे क्रीडा शिक्षक होते. २००१ च्या सुमारास एकदा भर पावसात त्यांना झोपडपट्टीतली मुले दिसली. मुलांजवळ चेंडू नव्हता. एक फुटकी प्लास्टिकची बादली ती लाथेने खेळवत होती. जितका वेळ ही मुले खेळतात तितका वेळ ती व्यसनापासून आणि मारामारीपासून दूर राहतात, हे त्या शिक्षकाने हेरले. त्यांनी मुलांना चेंडू दिला आणि पुढे झोपडपट्टीतल्या मुलांचीच स्पर्धा भरवली. नाव सरळ ठेवले, झोपडपट्टी फुटबॉल. पहिल्याच स्पर्धेला १२८ संघ आले. त्यातून क्रीडा विकास संस्थेचे काम उभे राहिले, आणि ते 'स्लम सॉकर' या नावाने देशभर गेले.

ज्यांना राहायला धड घर नाही अशांची एक जागतिक फुटबॉल स्पर्धा असते. २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ती पहिल्यांदा झाली. २००७ पासून या संस्थेमार्फत आपल्या देशातली मुले तिथे जाऊ लागली. ज्या मुलांच्या घरच्यांनी साधे रेशनकार्ड मिळवायला चपला झिजवल्या, त्यांच्या हाती पासपोर्ट आला. २०१६ साली जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, आपला विविधता पुरस्कार या कामाला दिला. २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'झुंड' चित्रपट याच कामावर आला. जयंतीच्या प्रसंगात अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडून उभे राहतात, तेव्हा आपल्या कितीतरी आयाबायांचे डोळे भरून आले. आमचेही आले.

पण सिनेमा पाहून आल्यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. सिनेमात गुरुजी मोठे दिसतात, आणि ते आहेतच. परंतु एका गुरुजींना किती वस्त्या पुरणार? या कामाचे बळ दुसऱ्या फळीत आहे. जो मुलगा काल खेळला तो आज शिकवतो. मुलींचे वेगळे गट आहेत. तिथे खेळाबरोबर मासिक पाळीबद्दल, आरोग्याबद्दल न लाजता बोलले जाते. हे बोलणारी ताईही वस्तीतलीच असते, म्हणून मुली ऐकतात. आमच्या भाच्याला शिकवणारा दादा असाच तयार झालेला होता. आणि भाचा आमच्या बांधीत जे करत होता ते त्याला कोणी करायला पाठवले नव्हते. त्याने घेतले होते, म्हणून तो देत होता.

खेळाच्या क्लबाने गरिबांसाठी काही करावे, ही कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात आयर्लंडहून पोटासाठी आलेली गरीब माणसे राहत. त्यांच्या उपाशी मुलांना जेवू घालावे म्हणून १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या धर्मबंधूने पुढाकार घेऊन एक फुटबॉल क्लब काढला. तोच आजचा जगप्रसिद्ध सेल्टिक क्लब. सामन्याच्या पैशातून मुलांचे जेवण, असा तो सरळ हिशेब होता. पण दहा वर्षांत, १८९७ साली, क्लबाची कंपनी झाली. भागधारक आले, आणि मुलांच्या जेवणाला जाणारा पैसा आटला. पुढे १९९५ मध्ये क्लबाने धर्मादाय निधी पुन्हा सुरू केला. ज्यांच्या नावाने संस्था निघते तेच संस्था मोठी झाल्यावर दाराबाहेर राहतात, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे. एकाच शहरात एव्हर्टन आणि लिव्हरपूल असे दोन क्लब, एकमेकांचे हाडवैरी. २०१५ मध्ये या दोन्ही क्लबांच्या चाहत्यांनी मिळून अन्नपेढीसाठी गोळा करायला सुरुवात केली. सामन्याला येणाऱ्याने घरून डबाबंद अन्न, डाळ, साबण असे काही आणावे आणि मैदानाबाहेर जमा करावे. तिथे निळा सदरा आणि लाल सदरा शेजारी उभे राहतात. देणारे कोणी धनिक नाहीत, कामगारच आहेत.

तिसरे उदाहरण आम्हाला सगळ्यात आवडले. आफ्रिकेतल्या केनिया देशात नैरोबी शहरात मथारे नावाची मोठी झोपडपट्टी आहे. तिथे १९८७ मध्ये मुलांची फुटबॉल संघटना निघाली. तिचा नियम असा की संघाला गुण केवळ सामना जिंकून मिळत नाहीत. वस्तीतला कचरा उचलला, तुंबलेली गटारे साफ केली, तर त्याचेही गुण स्पर्धेच्या तक्त्यात मांडतात. त्या मुलांमधून पुढे मथारे युनायटेड हा मोठा संघ उभा राहिला आणि देशाच्या संघात खेळणारी माणसे निघाली. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या लोकांच्या माथी घाण उचलण्याचे काम जातीने मारले गेले. ते असे नव्हे. तिथे जो खेळतो तो प्रत्येक जण साफ करतो, आणि ज्याने साफ केले त्याचा मान वाढतो.

आम्ही हे मुलांना सांगितले. मुलांनी ठरवले की रविवारी वंदनेच्या आधी विहाराचे अंगण आणि बोडीचा काठ साफ करायचा, आणि त्याचे गुण धरायचे. विहाराच्या भिंतीवर कोळशाने तक्ता निघाला. मोठ्यांनी ओरडून तो पुसला, मग मुलांनी पाटीवर काढला.

आता आमच्या घरची गोष्ट. आमची मुलगी तेव्हा सातवीत होती. पहिले आठ दिवस ती बांधावर बसून पाहत असे. नवव्या दिवशी उतरली. वस्तीतल्या दोन-तीन बायांनी आम्हाला येऊन सांगितले, "पोरगी मोठी होऊन राहिली, पायानं चेंडू मारते, लोक काय म्हणतीन?" खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच होते. घरी आजीला विचारले. आजी म्हणाली, "रोवणीले मी गुडघाभर चिखलात उतरत होती, तवा लोक काई नाई म्हणले. मजुरीले चालते, खेळाले नाई चालत?" याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलगी खेळू लागली.

पुढे एका निवडणुकीच्या आधी एका पुढाऱ्याचा माणूस वस्तीत आला. बावीस सदरे, गोलाच्या दोन जाळ्या आणि चार चेंडू फुकट देतो म्हणाला. सदऱ्याच्या छातीवर पुढाऱ्याचा फोटो. मुलांनी ते घालून मिरवणुकीत चालावे, एवढीच अट. मुले आनंदाने नाचू लागली. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या अंगावर फाटके बनियान होते.

रविवारी वंदनेनंतर विहारात बैठक बसली. कोणी म्हणाले, घ्या, लेकरांचे भले होते. कोणी म्हणाले, घ्या आणि फोटो उसवून टाका. त्यावर एका शिक्षकाने सांगितले, "मग लेकरांनी आपल्यापासून काय शिकायचं? खोटं बोलायचं?" बराच वेळ वाद चालला. शेवटी आजी बोलली. १९५६ साली ती सहा वर्षांची होती, आईबापाबरोबर दीक्षाभूमीवर गेली होती. ती म्हणाली, "दीक्षेले जाताना माझ्या मायनं पायातल्या तोरड्या इकल्या आन पांढरं लुगडं घेतलं. फुकटचं घेतलं असतं त आज मी कोणाचं नाव घेतलं असतं?"

बैठकीने सदरे नाकारले. घरटी एक पायली तांदूळ काढायचा ठरले. तांदूळ विकून दोन चेंडू आले. सदऱ्यांना पैसे उरले नाहीत, म्हणून जुने बनियान निळ्या रंगात बुडवले. पहिल्याच सामन्यात घामाने रंग उतरला आणि सगळ्यांच्या छात्या निळ्या झाल्या. मुले हसत होती, आम्हीही हसलो.

इथे ही गोष्ट संपवली असती तर वाचायला बरी वाटली असती. पण एक मुलगा हसत नव्हता. त्याचे आईबाप वीटभट्टीवर. त्याच्याजवळ रंगवायला दुसरा बनियानच नव्हता. बैठकीच्या दिवशीच तो आम्हाला म्हणाला होता, "काका, आजीचं खरं आहे, पण मले सदरा पायजे होता." दुसऱ्या दिवसापासून तो खेळायला आला नाही.

त्या मुलाने आमची झोप उडवली. भीक नको, हे आपण बाबासाहेबांपासून शिकलो आणि ते बरोबरच आहे. परंतु ज्याच्या अंगावर कपडा नाही त्याला "नाही म्हण" असे सांगणे सोपे असते. त्याने नाही म्हटल्यावर त्याची गरज भागवण्याची जबाबदारी आपल्या सगळ्यांवर येते. स्वाभिमानाचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा लागतो. तो एकट्या गरिबाच्या पोरावर टाकला, तर तो स्वाभिमान आपला आणि उपास त्याचा! आम्ही बैठकीत मोठमोठे बोललो आणि हीच गोष्ट विसरलो.

चूक आमच्या मुलीने दुरुस्त केली. पुढच्या वेळी तांदूळ विकला तेव्हा पहिला सदरा त्या मुलाचा घ्यायचा, असा तिने हट्ट धरला. सदरा घेऊन ती दोन मैत्रिणींबरोबर त्याच्या घरी गेली. तिथे ती बिचारा, गरीब वगैरे काही बोलली नाही. ती म्हणाली, "गोलात उभं राहाले कोणी नाई, ये." तेव्हा तो आला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचे आधी, आणि कोणाला काय दिले ते गोलात बोलायचे नाही.

पाऊस आला की बांधीत रोवणी होते आणि आमचे मैदान पाण्याखाली जाते. मग गावातल्या मोकळ्या जागेकडे वळावे लागते. तिथे आमच्या मुलांना काही तरुणांनी सांगितले, "आमचं झाल्यावर या." त्यांचे होईपर्यंत अंधार पडे. तोंडाने कोणी जात काढली नाही, पण अंधारात कोणाची मुले खेळतात हे सगळ्या गावाला दिसत होते. पळवणकर बाळू हे शंभर वर्षांपूर्वीचे मोठे गोलंदाज. चांभार समाजात जन्मले म्हणून पुण्यात त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. चेंडू जात पाहत नाही, असे म्हणतात. चेंडू पाहत नसेल, मैदानाचा मालक पाहतो.

आम्ही भांडायला गेलो नाही. वस्तीतली चार माणसे आणि मुली मिळून गावातल्या वडीलधाऱ्यांकडे गेलो आणि वार ठरवून मागितले. दोन-तीन खेपा झाल्या. अखेर आठवड्यातले दोन दिवस, उजेड असतानाचे, मिळाले. त्या तरुणांपैकी काही जण हळूहळू गोलात येऊन उभे राहू लागले. सगळे आले नाहीत. जे आले त्यांना आमच्या मुलीच्या पुढाऱ्याकडून नियम ऐकून घ्यावे लागतात. ती पुढारी म्हणजे आमचीच लेक.

एकदा साकोलीकडे सामना खेळायला गेलो आणि सात गोलांनी हरलो. परतीच्या गाडीत मुले रडकुंडीला आली. एक म्हातारे उपासक बरोबर होते. ते म्हणाले, "पोरांनो, १९५४ साली याच भंडाऱ्यात बाबासाहेब निवडणूक हरले. माझा बाप तेव्हा दोन दिवस जेवला नाही. आणि अडीच वर्षांत, १९५६ मध्ये, त्याच बाबासाहेबांनी नागपुरात लाखो लोकांना दीक्षा दिली. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय करतो ते पाहावं." गाडी शांत झाली. दुसऱ्या दिवशी सगळी मुले सरावाला हजर होती.

आम्हाला कोणी विचारेल, फुटबॉलने काय झाले? पोट भरले का, जात गेली का, नोकरी लागली का? यातले काही झाले नाही. आमच्या वस्तीतून कोणी परदेशी गेलेले नाही. आमचा भाचा टाळेबंदी उठल्यावर नागपूरला परतला, आयटीआय शिकला, आता कामाला जातो आणि रविवारी वस्तीतल्या लहान मुलांना खेळवतो. आमची मुलगी कॉलेजात आहे. लहानांचा गोल आता तीच लावते. दोन मुले दारूच्या गुत्त्याच्या वाटेवर होती, ती परत फिरली. दुसरी दोन फिरली नाहीत. शिवीगाळ कमी झाली. मुली मान वर करून बोलू लागल्या. एवढे झाले. एवढे थोडे आहे का, ते आयाबायांनी आपल्या घरात पाहून ठरवावे.

शेवटी समाजबांधवांना विनंती. आपल्या वस्तीत कोणी क्लब, मंडळ, संस्था चेंडू घेऊन आली तर हात जोडून स्वागत करा, पण तीन प्रश्न जरूर विचारा. आमच्या मुलांमधून शिकवणारे तयार करणार का? मुलींना खेळवणार का? तुम्ही निघून गेलात तर मैदान आमच्याजवळ राहणार का? तिन्हींचे उत्तर होय असेल तर ते खरे दान. नसेल तर ती जाहिरात. आणि मागताना लाजू नका. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजाच्या कामावर खर्च करावे लागतात. त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण येते. तो कोणाचा उपकार नव्हे, कायद्याने ठरलेला खर्च आहे. आपले मंडळ रीतसर नोंदवा, हिशेब चोख ठेवा आणि अर्ज करा. आमच्या वस्तीत हे काम अजून व्हायचे आहे. नोंदणीचे कागद जमवणे चालू आहे.

आपल्या धम्मात दानाला पहिली पारमिता म्हटले आहे. दान म्हणजे खिशातले काढून देणे एवढेच आम्हाला ठाऊक होते. घेणाऱ्या हाताला एक दिवस देता यावे, हे त्याहून मोठे दान, असे आता वाटते. भाच्याने आणलेला तो पहिला चेंडू केव्हाच फाटला. आजीने त्याचे कातडे फेकू दिले नाही. विहाराच्या कपाटात, मुलांच्या पाटीजवळ ते ठेवलेले आहे. सानगडीला कधी आलात तर अवश्य पाहा, आणि त्या दिवशी वार आमचा असेल तर गोलात उभे राहून आपले नाव सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!